फुलात लपलेल्या कोळ्याचा फोटो कसा काढावा

पांढऱ्या शेवंतीवर बसलेला पांढरा खेकडा कोळी साध्या डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि दिसला तरी फोटोत हमखास हरवतो. पाकळी पांढरी, अंगही पांढरं. त्यात कॅमेऱ्याचा मीटर सगळं करडं करून ठेवतो, नाहीतर फ्लॅश सगळं धुऊन टाकतो. बरं, कडक प्रकाश पाडून कोळ्याला फुलापासून वेगळा काढला, तर फोटो स्वच्छ येतो पण त्यातली गंमतच जाते. दबा धरून बसणारा प्राणी उघड्यावर ठेवल्यासारखा दिसतो. खरी अडचण ही आहे: कोळी दिसला पाहिजे, आणि तो लपलाय हेही दिसलं पाहिजे. लेन्स, प्रकाश, कोन, एडिटिंग यांतला प्रत्येक निर्णय हे लक्षात ठेवूनच घ्यायचा.

आधी कोळ्याची ओळख

आपल्या बागांमध्ये फुलांवर सापडणारे खेकडा कोळी थोमिसिडी कुळातले. त्यातल्या थोमिसस या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कोळी महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे दिसतात. हे कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळं विणत नाहीत. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब आणि दणकट असतात. त्या दोन्ही बाजूंना पसरून ते फुलावर तासन्‌तास बसून राहतात आणि परागासाठी किंवा मधासाठी आलेल्या कीटकाला धरतात. चालतात खेकड्यासारखे, आडवे.

मादी साधारण ५ ते १० मिलिमीटरची, पोट रुंद आणि मागे दोन्ही बाजूंना कोपरे निघालेलं. नर जेमतेम २-३ मिलिमीटरचा, तपकिरी, आणि पुष्कळदा मादीच्या पाठीवरच बसलेला सापडतो. नवख्या माणसाला तो कचरा वाटतो आणि एडिटिंगमध्ये तो पुसूनही टाकला जातो! डोळे आठ, दोन ओळींत. थोमिससच्या चेहऱ्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर शिंगांसारखे उंचवटे असतात आणि बाजूचे डोळे त्यांच्यावर असतात. समोरून काढलेल्या फोटोत ही शिंगं आली की चेहऱ्याला एकदम रूप येतं, म्हणून फोकस करताना त्यांचा फार उपयोग होतो.

रंग बदलण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. कोळी फुलावर बसला आणि क्षणात त्या रंगाचा झाला, असं होत नाही. याचा सर्वाधिक अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मिसुमेना व्हॅशिया या जातीवर झाला आहे. तिच्या मादीला पांढऱ्याची पिवळी व्हायला १० ते २५ दिवस लागतात, उलट पिवळ्याची पांढरी व्हायला साधारण ६ दिवस. त्यामुळे बागेत पिवळ्या फुलावर पांढरा कोळी दिसला तर त्यात चूक काही नाही. तोही फोटोचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट. पांढऱ्यावर पांढरा हा मेळ आपल्या डोळ्यांपुरता. मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या थोमिसस स्पेक्टॅबिलिस या जातीचा कोळी पांढऱ्या फुलावर आपल्याला दिसेनासा होतो, पण त्याच्या अंगावरून अतिनील प्रकाश जोरात परावर्तित होतो आणि मधमाश्या उलट त्याच फुलाकडे ओढल्या जातात, असं प्रयोगांत आढळलं आहे. आपला कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो. म्हणजे आपण जे लपणं टिपतो ते माणसाला दिसणारं लपणं आहे. फोटोखाली ओळ लिहिताना एवढं भान ठेवावं.

शोधायचं कुठे आणि कधी

पावसाचा जोर ओसरल्यापासून थंडीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. फुलं भरपूर, कीटक भरपूर. मे महिन्यात कोरड्या बागेत शोधण्यात वेळ घालवू नये.

शेवंती, झेंडू, कॉसमॉस, सूर्यफूल, घाणेरी, तगर, सदाफुली, तुळशीच्या मंजिऱ्या ही नेहमीची ठिकाणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी फुलते, तिथेही बघावं, मात्र पायवाट सोडू नये. जास्वंदीसारखं एका दिवसात मिटणारं सुटं फूल सहसा निराश करतं. गुच्छात किंवा दाटीने येणाऱ्या, आठवडाभर टिकणाऱ्या फुलांवर कोळी मुक्काम ठोकतो. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडांवर औषध मारलेलं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तिथे कोळी विरळाच.

कोळी शोधू नका, विसंगती शोधा. फुलावर मधमाशी आहे पण हलत नाही. फुलपाखरू पंख अर्धवट उघडून वेडंवाकडं लटकलंय. एखाद्या पाकळीच्या कडेला समांतर दोन जाड रेषा आहेत, आणि दुसऱ्या कुठल्याच पाकळीला नाहीत. दोन-तीन पाकळ्या एकमेकींना ओढून धरल्यासारख्या दिसतात, तिथे रेशमाचा धागा असू शकतो. मेलेल्या मधमाशीवर बारीक काळ्या माश्या जमलेल्या दिसल्या तर कोळी तिच्या मागेच आहे असं समजा. भक्ष्यातून पाझरणारा रस प्यायला या माश्या येतात, आणि कोळी त्यांना हुसकावतही नाही.

फुलाकडे वरून बघून पुढे जाऊ नका. गुडघ्यावर बसून फुलाच्या पातळीला डोळे आणा आणि बाजूने बघा. वरून सपाट दिसणारा पांढरा कोळी बाजूने पाहिला की पाकळीच्या वर उठून दिसतो.

वेळ सकाळी सात ते साडेनऊ. वारा पडलेला असतो, ऊन तिरकं असतं, आणि साडेआठनंतर मधमाश्यांची ये-जा वाढते. वाऱ्याचं अ‍ॅप बघून निघा. ताशी ८-१० किलोमीटरच्या वर वारा असेल तर लांब देठाच्या कॉसमॉसचा नाद सोडून जमिनीलगतच्या झेंडूकडे वळावं.

सामान

९० ते १०५ मिलिमीटरची, १:१ मॅग्निफिकेशन देणारी (म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या मापात उमटवणारी) मॅक्रो लेन्स या कामाला सर्वांत सोयीची. १:१ ला तिच्या पुढच्या काचेपासून विषय साधारण १३ ते १५ सेंटिमीटरवर राहतो, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश आत यायला जागा उरते आणि कोळ्यावर सावली पडत नाही. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोला हे अंतर खूपच कमी मिळतं. ८ मिलिमीटरचा कोळी १:१ ला फुल फ्रेम सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीपैकी पाव भागापेक्षा थोडा कमी व्यापतो, त्याहून लहान अशा एपीएस-सी सेन्सरवर सुमारे एक तृतीयांश. मादीसाठी एवढं पुरतं. नराच्या चेहऱ्यासाठी २:१ च्या आसपास जावं लागेल.

मॅक्रो लेन्स नसेल तर दोन स्वस्त वाटा आहेत. एक, एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. हिशोब सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की निम्मं मॅग्निफिकेशन. १२, २० आणि ३६ असा पूर्ण संच लावला तर ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६ पट. मात्र तेवढ्यावर जवळजवळ अडीच स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि लेन्स फुलाला टेकायला येते. ट्यूब घेताना आत इलेक्ट्रॉनिक संपर्क आहेत की नाहीत ते बघून घ्या. बिनसंपर्काच्या ट्यूबवर बहुतेक आधुनिक लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) बदलता येत नाही. दुसरी वाट, ७०-३०० किंवा ५५-२५० सारख्या टेलिझूमच्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी ८ डायॉप्टर ताकदीची क्लोजअप लेन्स. प्रकाश कमी होत नाही, अंतरही बरं मिळतं. एकाच काचेचे तीन-चारच्या संचात मिळणारे स्वस्त क्लोजअप फिल्टर मात्र घेऊ नयेत. पांढऱ्या पाकळीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते आणि ती नंतर निघत नाही.

फ्लॅश हवाच, आणि त्याची ताकद हाताने ठरवता आली पाहिजे. कॅमेऱ्यावरचा छोटा पॉपअप फ्लॅश लेन्सच्या नळीची सावली पाडतो. बाकी पिशवीत हवं ते असं: दोन पोस्टकार्डाएवढे काळे पुठ्ठे, एक करडं कार्ड, कपडे वाळत घालायचे तीन-चार चिमटे, अर्धा मीटर लांबीच्या बांबूच्या दोन काड्या, स्पंजचे तुकडे, आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनं बसकर. ट्रायपॉड बागेत बहुतेकदा नडतो. त्याचे पाय झुडपाला लागतात आणि त्या धक्क्याने कोळी पसार होतो.

डिफ्यूझर घरी करताना

डिफ्यूझर म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा. उघड्या फ्लॅशने कोळ्याच्या गुळगुळीत पोटावर एक कडक पांढरा ठिपका पडतो आणि त्या ठिपक्यात तपशील शून्य. विषयाच्या मानाने प्रकाशाचा पृष्ठभाग जितका मोठा आणि जवळ, तितका प्रकाश मऊ. इथे विषयच ८ मिलिमीटरचा आहे, म्हणून १५ बाय २० सेंटिमीटरचा पडदा त्याच्यासाठी आभाळच.

पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा पातळ फोम घ्या, ए-४ आकाराचा. एका टोकाकडे लेन्सच्या पुढच्या व्यासापेक्षा ३-४ मिलिमीटरने लहान गोल कापा, म्हणजे तो लेन्सवर घट्ट बसेल. फोमचं दुसरं टोक वाकवून फ्लॅशच्या डोक्यापर्यंत न्या आणि रबरबँडने बांधा. त्याच्या आत, २-३ सेंटिमीटर अंतर सोडून, बटर पेपरचा दुसरा थर लावा. हे अंतर महत्त्वाचं आहे. दोन्ही थर चिकटून ठेवले तर मधोमध उजळ पट्टा राहतो आणि कोळ्याच्या डोळ्यांत तो पट्टा उमटतो. फोम पिवळट निघाला तर सगळ्याच फोटोंत पिवळी झाक येते, म्हणून आधी पांढऱ्या कागदाचा फोटो काढून पाहा.

कॅमेऱ्याची मांडणी

मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). सुरुवात या आकड्यांवरून करावी:

फ्लॅशसह: एफ/११, १/१६०, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ ताकदीवर.
नैसर्गिक प्रकाशात: एफ/८, १/२५०, आयएसओ ८०० ते १६००.

१/१६ ताकदीवर फ्लॅशची चमक १/५००० सेकंदाहूनही आखूड असते, त्यामुळे हात आणि फूल थोडं हललं तरी चित्र गोठतं. अट एवढीच की उजेडाचा मुख्य वाटा फ्लॅशचा असावा. खात्री करायला फ्लॅश बंद करून त्याच मांडणीवर एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. करडं चित्र आलं तर उन्हाचा वाटा जास्त आहे, आणि पाकळीला दुहेरी कडा येणार.

एफ/११ का, एफ/२२ का नाही? १:१ ला प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर दुप्पट आकड्याचं होतं. एफ/११ म्हणजे परिणामी एफ/२२, आणि एफ/२२ म्हणजे एफ/४४. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि या विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडतं, आणि कोळ्याच्या पायांवरचे केस जातात. फोकसमधला पट्टा फुल फ्रेमवर १:१ ला एफ/११ वर सुमारे १.३ मिलिमीटर, एफ/८ वर १ मिलिमीटरच्या आत. एपीएस-सीवर एफ/११ ला ०.९ मिलिमीटर. पण मॅग्निफिकेशन १:२ वर आणलं की फुल फ्रेमवर हाच पट्टा ४ मिलिमीटरच्या जवळ जातो. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर १:२ ला काढून नंतर कापणं हा पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग. १:१ चा हट्ट धरणाऱ्यांचे फोटो मोठे असतात पण अर्धा कोळी धूसर असतो.

एक्स्पोजरबद्दल. पांढऱ्या फुलाने चौकट भरली असेल आणि मीटरवर काम करत असाल तर +०.७ ते +१.३ स्टॉप द्यावे लागतात. गडद पार्श्वभूमीवर लहानसं पांढरं फूल असेल तर उलट, −०.७. हिस्टोग्रॅमचा (उजेडाच्या आलेखाचा) उजवा डोंगर भिंतीला लागण्याआधी थांबला पाहिजे. झेंडू, सोनकी, पिवळी शेवंती यांच्या बाबतीत एकच पांढरा हिस्टोग्रॅम फसवतो. तो सुरक्षित दाखवतो आणि तिकडे लाल चॅनेल फुटलेला असतो, म्हणजे लाल रंगाचा तपशील गेलेला असतो. मग पाकळ्या म्हणजे पिवळ्या रंगाचा सपाट डाग, आणि त्यावर बसलेला पिवळा कोळी त्या डागात विरघळलेला. तिन्ही रंगांचा हिस्टोग्रॅम लावा, लाल बघा आणि गरज पडली तर आणखी अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा.

जवळ कसं जायचं

कोळी आवाजाला दाद देत नाही, पण हादरा आणि सावली त्याला लगेच कळते. सूर्य पाठीशी घेऊ नका. तुमची सावली फुलावर पडली की तो पुढचे पाय उचलतो. हा पहिला इशारा. तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तर तो पाकळीच्या कडेवरून खाली सरकतो, आणि त्याहून घाई केलीत तर धागा सोडून खाली उडी मारतो. तिथून तो परत येईलही, पण त्या सकाळी त्याची वाट बघण्यात अर्थ नसतो.

आधी लांबून सगळे फोटो काढून घ्या, मग जवळ. क्रम असा ठेवावा: पूर्ण फूल आणि झाडाचा थोडा भाग, मग फूल, मग पाठीचा वरून, शेवटी समोरून चेहरा. प्रत्येक टप्प्यावर तो निघून जाऊ शकतो, आणि गेला तरी हाताशी काहीतरी असतं.

फूल हलत असेल तर बांबूची काडी झाडापासून १०-१५ सेंटिमीटरवर जमिनीत रोवा, चिमट्यात स्पंज घाला आणि देठ फुलाच्या खाली थोड्या अंतरावर हळूच धरा. लगेच फोटो काढायला जाऊ नका. पाचेक मिनिटं बाजूला व्हा. चिमटा लावतानाचा हादरा त्याला कळलेला असतो. दुसरी रीत हातानेच करण्याची: डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ खालून धरायचा आणि लेन्सची नळी त्याच हाताच्या मुठीवर टेकवायची. आता फूल आणि लेन्स एकत्र हलतात, त्यामुळे फोकस सुटत नाही. सवय झाली की ट्रायपॉडची आठवणही येत नाही.

कोळी फुलामागे गेला? फूल फिरवू नका. मोकळा हात सावकाश फुलाच्या मागच्या बाजूला न्या आणि तिथे स्थिर धरा. तो हातापासून दूर, म्हणजे तुमच्याकडे, सरकून येतो. एकदा-दोनदा करावं. सारखं केलं तर तो फूलच सोडतो. चावेल ही भीती नको, या कोळ्यांपासून माणसाला धोका नाही.

पांढऱ्यावर पांढरा: प्रकाश

सवयीने माणूस सावली भरायला पांढरा रिफ्लेक्टर धरतो. पांढऱ्या कोळ्यासाठी ते नेमकं चुकीचं. सगळीकडून उजेड आला की कोळी आणि पाकळी यांच्यामधली सीमाच नाहीशी होते. इथे काळा पुठ्ठा लागतो. डिफ्यूझ केलेला फ्लॅश वर डावीकडून, घड्याळातल्या दहाच्या काट्यावर ठेवा, आणि उजवीकडे फुलापासून ४-५ सेंटिमीटरवर, चौकटीच्या जरा बाहेर, काळा पुठ्ठा धरा. कोळ्याच्या पोटाच्या आणि पायांच्या उजव्या कडेला बारीक करडी रेघ येते. तेवढ्या रेघेने तो पाकळीपासून सुटतो, आणि तरी पांढऱ्यात पांढराच राहतो. पुठ्ठा जवळ-लांब करून ही रेघ हवी तेवढी गडद करता येते. पुठ्ठा अगदी खेटला तर अर्धं अंग काळवंडतं आणि लपण्याचा भास मोडतो.

दुसरा प्रकार मागून येणाऱ्या उजेडाचा. सकाळचं तिरकं ऊन पाकळ्यांतून आरपार येतं, पाकळी उजळते, पण कोळ्याचं पोट अपारदर्शक असल्याने तो गडद आकार म्हणून उमटतो. फुलाच्या खालून वर बघत काढलं तर पाकळीवर फक्त आठ पायांची सावली दिसते. लपणं दाखवणारा हा बहुधा सर्वांत प्रामाणिक फोटो, आणि तो काढायला महागडी लेन्स लागत नाही. एक्स्पोजर पाकळीवर घ्या, फ्लॅश बंद ठेवा. चेहऱ्यावर थोडा उजेड हवाच असेल तर फ्लॅश १/१२८ वर.

पिवळ्यावर पिवळ्याला काळा पुठ्ठा कमी उपयोगी, कारण झेंडूच्या पाकळ्यांना मुळातच भरपूर सावल्या असतात आणि त्यात कोळी आणखी गोंधळून जातो. तिथे ढगाळ आभाळाचा सपाट उजेड आणि बाजूचा कोन जास्त चांगला.

फ्लॅशने मागचं सगळं काळं होतं, हे या प्रकारातलं सगळ्यात नेहमीचं दुखणं. पांढरं फूल काळ्या पोकळीत तरंगतं आणि दिवसाचा फोटो रात्रीचा वाटतो. फुलामागे १५-२० सेंटिमीटरवर त्याच झाडाचं एखादं पान येईल असा कोन निवडा, किंवा आयएसओ ८०० पर्यंत चढवून, फ्लॅश त्या प्रमाणात कमी करून, थोडा उन्हाचा उजेड पार्श्वभूमीला येऊ द्या.

फोकस

ऑटोफोकस बंद. लेन्सच्या रिंगने मॅग्निफिकेशन ठरवा, मग अंग किंचित पुढे-मागे झुलवत डोळे धारदार दिसले की बटण दाबा. श्वास सोडून झाल्यावर. एका झुलण्यात एकच फोटो, आणि असे बरेच. मिररलेसवर फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावलं तर पांढऱ्या पाकळीच्या कडाही रंगतात आणि दिशाभूल होते. चेहऱ्यावर स्क्रीन मोठी करून बघणं बरं.

पाठीच्या फोटोत सेन्सर कोळ्याच्या पाठीला समांतर ठेवा. चेहऱ्याच्या फोटोत पुढचे डोळे आणि शिंगांवरचे डोळे एका प्रतलात येतील इतपत कॅमेरा खाली घ्या. पसरलेले पाय धूसर गेले तरी चालतात, पण डोळे गेले तर फोटो गेला.

हा कोळी जागचा हलत नाही, म्हणून फोकस स्टॅकिंगला, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून काढलेले फोटो एकत्र जोडायला, उत्तम. एपीएस-सीवर १:१ ला एफ/५.६ ठेवलं तर पट्टा सुमारे ०.४५ मिलिमीटरचा. पायऱ्या ०.३ मिलिमीटरच्या घ्या, म्हणजे ५ मिलिमीटर खोलीला १७-१८ फोटो. हेलिकॉन फोकस, झीरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप, कशातही जोडता येतात. बिघडतं ते दोन कारणांनी: वाऱ्याने पाकळ्या सरकतात, किंवा मधेच कोळी पाय हलवतो आणि जोडलेल्या फोटोत त्याला नववा पाय फुटतो. जोडल्यावर पाय मोजा.

शिकार

मधमाशी फुलावर उतरली, तोंड परागात घातलं, की कोळ्याचे पुढचे चार पाय मिटतात आणि तो तिच्या मानेजवळ, डोक्यामागे दंश करतो. हे डोळ्याने पकडता येत नाही, कॅमेऱ्याने तर क्वचितच. पण त्यानंतरचा वेळ तुमचा असतो. भक्ष्य तोंडात असताना कोळी सहसा ते टाकून पळत नाही आणि खाणं तासभर किंवा त्याहून जास्त चालतं. एरवी न मिळणारा समोरचा कोन याच वेळी मिळतो. कोळी लहानशा छिद्रांतून आतला द्रव शोषतो, त्यामुळे मधमाशी बाहेरून धडधाकट दिसते, फक्त जीभ बाहेर आलेली. ती जीभ, कोळ्याचे डोळे आणि त्या बारीक काळ्या माश्या एका प्रतलात आणता आल्या तर तो फोटो इतर दहा फोटोंना भारी.

मेलेली मधमाशी आणून फुलावर ठेवणं, कोळ्याला फ्रीजमध्ये गार करून सुस्त करणं, पांढऱ्या कोळ्याला शोभून दिसावा म्हणून जांभळ्या फुलावर सोडणं, हे प्रकार सर्रास चालतात. ते करू नयेत. फुलावरून हललेला कोळी आपली शिकारीची जागा गमावतो, आणि तो फोटो नोंद म्हणूनही निकामी होतो. दुमडलेल्या पानात अंड्यांची पिशवी राखत बसलेली मादी दिसली तर पान उघडू नये.

मोबाइलवर

मोबाइलचा मॅक्रो मोड बहुधा अल्ट्रावाइड लेन्स वापरतो आणि फुलाच्या २-४ सेंटिमीटरवर नेतो. फोनचीच सावली पडते आणि कोळी पळतो. टेलिफोटोवर जवळून फोकस होत असेल तर तीच वापरा, नाहीतर मुख्य कॅमेऱ्यावर क्लिपची मॅक्रो लेन्स लावा. प्रो मोडमध्ये रॉ घ्या. एचडीआर बंद करा, कारण तो सावल्या उचलतो आणि आपण काळ्या पुठ्ठ्याने कमावलेली करडी रेघ पुसून टाकतो. कोळ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, आणि सलग दहा-बारा फोटो.

एडिटिंग

करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स. झाडाच्या सावलीत पांढऱ्या फुलावर पानांची हिरवी झाक येते, ती इथेच जाते. मग हायलाइट्स थोडे खाली. क्लॅरिटी संपूर्ण चित्रावर लावू नका. पाकळीच्या शिरा कोळ्यापेक्षा ठळक होतात. फक्त कोळ्यावर मास्क करून टेक्स्चर +१० ते +१५, त्याहून जास्त नाही. पिवळ्या फुलात सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) ५-१० ने खाली आणा. पाकळ्यांचे थर परत दिसू लागतात. अंगावर चिकटलेले परागकण पुसू नका, ते घाण नव्हेत.

चौकट कापताना कोळी मधोमध आणून मोठा करण्याचा मोह होतो. निदान एक फोटो असा ठेवा ज्यात तो चौकटीच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढाच आहे आणि बघणाऱ्याला दोन-तीन सेकंद शोधावा लागतो.

जाती ओळखण्याची घाई करू नये. थोमिससच्या कितीतरी जाती केवळ फोटोवरून वेगळ्या काढता येत नाहीत, त्यासाठी मादीच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकताना प्रजातीपर्यंत थांबलेलं बरं. सोबत चेहरा, पाठ आणि बाजू असे तीन फोटो, फुलाचं नाव, तारीख आणि ठिकाण द्या. मादीची लांबी मोजायची असेल तर ती निघून गेल्यावर त्याच पाकळीशेजारी पट्टी धरून, मॅग्निफिकेशन न बदलता, एक फोटो काढून ठेवा.